शिक्का कोणाचा, कस कोणाचा? प्रोसेसर, ओव्हरक्लॉकिंग आणि 'लॉट'च्या दंतकथा

१/
या धाग्यांतून आपण आजवर ताम्रपट वाचले, शिवराईवरची अक्षरे लावली, बखरींतले पाठभेद तपासले. आजचा विषय त्या मानाने कालपरवाचा वाटेल. टेबलाखालच्या पेटीतला प्रोसेसर, त्याला नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने तो पळवण्याची खटपट, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि 'अमुक लॉटचा माल सरस' अशी त्या खटपटीभोवती साचलेली आख्याने. वस्तू नवी असली तरी प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. वस्तूवर उमटवलेला शिक्का नेमके काय सांगतो, आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाचा?

२/
या विषयावर दोन मते सतत ऐकू येतात. पहिले मत असे की ओव्हरक्लॉकिंग हा रिकामटेकड्यांचा पोरखेळ आहे. कंपनीने तीनशेचा माल दिला असता साडेचारशेचे काम काढून घेणे ही एक प्रकारची चोरीच. दुसरे मत त्याच्या उलट टोकाचे. सारे काही नशिबावर, 'सिलिकॉनच्या लॉटरी'वर अवलंबून आहे. कोस्टा रिकाचा लॉट हाती आला तर भाग्य उजळले, मलेशियाचा आला तर कपाळाला हात. पहिल्या मताला इतिहास ठाऊक नाही आणि दुसऱ्याला पुरावा वाचता येत नाही. या धाग्यात दोघांचाही समाचार घ्यायचा आहे.

३/
आधी थोडे जुन्या काळात जाऊ. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात 'रुपया' असा एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशी कितीतरी नाणी निरनिराळ्या टांकसाळींतून पडत, आणि बाजारात ती एकाच भावाने चालत नसत. सराफ नाणे वाजवी, तोली, कसाला लावी आणि मग बट्टा ठरवी. टांकसाळीचा शिक्का हे पाडणाऱ्याचे म्हणणे. कस लावणे हा घेणाऱ्याचा हक्क. सराफाने बट्टा कापला म्हणून त्याला कोणी चोर म्हटले नाही. (लबाड म्हटले असेल. तो वेगळा विषय.) प्रोसेसरच्या इतिहासात ही साधी वाटणी आपण विसरून गेलो आहोत.

४/
आता चिप कशी घडते ते पाहू, कारण इथले अज्ञान पुढच्या साऱ्या गैरसमजांचे मूळ आहे. प्रोसेसर एकेक करून घडवले जात नाहीत. सिलिकॉनच्या पातळ गोल चकतीवर, १९९८ साली ती साधारण २०० मिलिमीटर व्यासाची असे, शेकडो प्रोसेसर एकाच वेळी उमटवले जातात आणि मग चकती कापून ते सुटे केले जातात. नकाशा एक, कारखाना एक, दिवस एक. तरी चकतीच्या मध्यावरचा तुकडा आणि कडेचा तुकडा यांत फरक पडतो. कुठे ट्रान्झिस्टरची लांबी किंचित कमी उतरते, कुठे ऑक्साइडचा थर किंचित जाड बसतो, कुठे अशुद्धीचे अणू कमीअधिक मिसळतात.

५/
जव्हार तालुक्यात वावर नावाचे गाव आहे, आणि वावर म्हणजे शेत हे मराठी माणसाला सांगायला नको. जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारावर नागली-वरई घेणाऱ्याला ही गोष्ट चकतीचे चित्र न दाखवताही उमगेल. बियाणे तेच, पाऊस तोच, हात तेच. तरी माथ्यावरचे कणीस आणि पायथ्याचे कणीस सारखे भरत नाही. याला नशीब म्हणायचे की जमिनीचा उतार? शेतकरी उतार म्हणतो. 'सिलिकॉनची लॉटरी' म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढे तरी शिकावे. कोणता तुकडा आपल्या वाट्याला येईल हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तो का घडला याला कारणच नाही असे होत नाही.

६/
सुट्या झालेल्या चिपांची कारखान्यात परीक्षा होते. अमुक वेगाला, तमुक तापमानाला, ठरलेल्या व्होल्टेजला टिकली तर वरच्या वर्गात, न टिकली तर खालच्या. बाजारात २६६, ३००, ३३३ असे वेगळे छापलेले प्रोसेसर पुष्कळदा एकाच नकाशाची भावंडे असतात. इथे निर्मात्याला न्याय दिला पाहिजे. परीक्षा मुद्दाम कठोर घेतली जाते. वीज थोडी कमी असली, खोली तापलेली असली, चिप काही वर्षे जुनी झाली, तरी आकडा खरा ठरावा म्हणून हातचा राखलेला असतो. ओव्हरक्लॉकिंग करणारा आधी हा हातचाच खर्चतो. तो फुकट मिळतो असे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

७/
पण हातच्याने सगळ्याचा उलगडा होत नाही. एखादी उत्पादनप्रक्रिया नवी असते तेव्हा वरच्या वर्गाच्या चिपा थोड्या निघतात. सहा-आठ महिन्यांत कारखान्याचा हात बसतो आणि बहुतेक चिपा वरच्या परीक्षेत उतरू लागतात. गिऱ्हाईक मात्र तसे बदलत नाही. महाग प्रोसेसर घेणारे थोडे, स्वस्त मागणारे फार. मग निर्माता काय करतो? वरच्या लायकीच्या चिपेवर खालचा आकडा छापतो आणि स्वस्तात विकतो. अशा वेळी झाकणावरचा आकडा चिपेची मर्यादा सांगत नाही, बाजारपेठेची वाटणी सांगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मुद्दा पक्का धरावा.

८/
याचे ढळढळीत उदाहरण १९९१ सालचे आहे. इंटेलने ४८६एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. सुरुवातीचे एसएक्स म्हणजे वस्तुतः पूर्ण ४८६डीएक्सच होते, अपूर्णांकी गणित करणारा भाग तेवढा बंद केलेला. पुढे तो भाग हवा असणाऱ्यांसाठी ४८७एसएक्स नावाची 'सहायक' चिप विकायला ठेवली. ती सहायक नव्हतीच. ती अखंड डीएक्स होती आणि बसवताक्षणी शेजारच्या मूळ प्रोसेसरला गप्प करून सारा कारभार स्वतःकडे घेई. एकाच घरात दोन कर्ते, पैकी एक कायमचा मुका. आणि गिऱ्हाइकाने पैसे दोघांचे मोजलेले.

९/
वापरणाऱ्यांनी आकड्यावर शंका घ्यायला याच्याही आधी सुरुवात केली होती. आयबीएमने १९८४ साली पीसी एटी बाजारात आणला, वेग ६ मेगाहर्ट्झ. हा वेग बोर्डावरच्या क्वार्ट्झच्या एका छोट्या स्फटिकावरून ठरे. स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा, प्रोसेसर त्याच्या निम्म्याने चाले. लोकांनी तो काढून १६ चा बसवला आणि यंत्र ८ ने धावू लागले. आयबीएमने नंतरच्या बायॉसमध्ये वेगाची तपासणीच घातली. यंत्र ठरल्यापेक्षा जलद धावताना दिसले की ते सुरू होण्यास नकार देई. मालकाने मालकीच्या वस्तूचा कस लावू नये यासाठी विकणाऱ्याने वस्तूतच पहारेकरी बसवल्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

१०/
आणि मग २४ ऑगस्ट १९९८. त्या दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर एकदमच जाहीर केले. पेंटियम टू ४५०, किंमत ६६९ डॉलर. सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर (दोन्ही किमती हजार नगांच्या खरेदीतल्या). सेलेरॉनचा गुणक साडेचार आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. पण बस १०० वर नेली की साडेचार गुणिले शंभर, थेट ४५०. त्याची १२८ किलोबाइटची कॅश चिपेतच असल्याने प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. पेंटियम टूची ५१२ किलोबाइटची कॅश चिपेबाहेर होती आणि निम्म्या वेगाने धावे. खेळ आणि घरगुती कामांत १४९ डॉलरचा धाकटा ६६९ डॉलरच्या थोरल्याच्या मांडीला मांडी लावून बसला.

११/
गंमत पाहा. काही बोर्डांवर बसचा वेग बदलण्याची सोयच नव्हती. प्रोसेसर स्वतःच बोर्डाला सांगे की 'मी ६६ चा'. हा निरोप बी२१ क्रमांकाच्या संपर्कावरून जाई. त्या एका संपर्कावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा डकवला किंवा नेलपॉलिशचा ठिपका दिला की निरोप पोचत नसे आणि बोर्ड १०० ने चालू लागे. पाचशे डॉलरचे अंतर नेलपॉलिशच्या एका ठिपक्यात मिटत होते. चोरीचा आरोप करणाऱ्यांनी सांगावे की यात कोणाचे काय चोरीला गेले. चिप पैसे मोजून घेतलेली, वीज घरची, जळाली तर नुकसान स्वतःचे.

१२/
आता मुंबईत या. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव पाटीवरून गेले, तोंडातून गेले नाही. संगणकाचे सुटे भाग घ्यायला आजही लोक 'लॅमिंग्टन रोड'लाच जातात. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतर मध्यमवर्गीय मराठी घरांतला पहिला संगणक बहुधा ब्रँडेड नसे. तो असेंबल केलेला असे. बोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्याकडून, कॅबिनेट तिसऱ्याचे. जोडणारा ओळखीचा कोणी दादा. या दादालोकांना प्रोसेसरच्या झाकणावरचे सांकेतिक क्रमांक मुखोद्गत असत. अठराव्या शतकातल्या सराफाचा हा विसाव्या शतकातला वंशज आहे, आणि आपल्या इतिहासलेखनात त्याला एक ओळही मिळालेली नाही.

१३/
महाराष्ट्राच्या संगणक इतिहासाचे आपले पाठ ठरलेले आहेत. १९६० साली टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक सुरू झाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्याचाच 'एका' जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला. हे सारे खरे आहे आणि अभिमानास्पदही. परंतु हा दरबारी इतिहास झाला. किल्ले बांधणाऱ्यांची नावे लिहायची आणि बाजारपेठ, सराफकट्टा, कारागीर यांना वगळायचे, ही राजकीय इतिहासातली जुनी खोड आपण संगणकाच्या इतिहासातही आणली. लॅमिंग्टन रोड म्हटले की 'पायरेटेड सीडी' एवढीच आठवण निघते. त्या रस्त्याने हजारो घरांना प्रोसेसर म्हणजे काय, बस म्हणजे काय, व्होल्टेज वाढवले की काय होते, हे शिकवले. ते कोणी लिहायचे?

१४/
आता त्याच बाजाराची काळी बाजू, कारण ती लपवून भाबडे गौरवगान करायचे नाही. नव्वदीच्या दशकात युरोप-आशियाच्या बाजारांत 'रिमार्किंग'चा मोठा धंदा चालला. प्रोसेसरवरचा मूळ आकडा घासून काढायचा, त्यावर वरचा आकडा छापायचा आणि चढ्या भावाने विकायचा. चिप पुष्कळदा चालतही असे, कारण हातचा होताच. पण मे महिन्याच्या दुपारी यंत्र मध्येच गोठे, फाइल बिघडे, आणि घेणारा विंडोजला शिव्या देत बसे. फसवला जाई तो ज्याला कस लावता येत नाही तो. मुलाच्या शिक्षणासाठी बचतीतून संगणक घेणारा बाप झाकणावरच्या आकड्यावर विसंबे. त्याच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

१५/
इथे थांबून नीट विचार करा, कारण वादाचे मर्म इथेच आहे. तांत्रिक दृष्ट्या रिमार्किंग आणि ओव्हरक्लॉकिंग ही एकच क्रिया आहे. तीच चिप, तोच वाढवलेला वेग, तोच खर्चलेला हातचा. मग एक गुन्हा आणि दुसरा छंद का? एकात वापरणाऱ्याला ठाऊक आहे, दुसऱ्यात त्याच्यापासून लपवले आहे. सारा फरक एवढाच, आणि एवढा पुरेसा आहे. कंपनीची परवानगी, वॉरंटीचा कागद, छापील आकडा यांपैकी कशावरही नैतिक निवाडा टेकवता येत नाही. घेणाऱ्याला खरे ठाऊक आहे की नाही, ही एकच कसोटी मला मान्य आहे.

१६/
ही कसोटी आता निर्मात्यालाही लावू. रिमार्किंग रोखायचे असे सांगून इंटेलने १९९८ च्या सुमारास गुणकाला कुलूप घातले. कारण खोटे नव्हते; कुलपाने लबाडांचा धंदा अवघड केला. पण कुलूप प्रामाणिक मालकाच्याही दारावर बसले, आणि मग हळूहळू त्याची किल्ली विक्रीस आली. कुलूप नसलेली महाग मालिका आली. २०१० पासून नावापुढे 'के' अक्षर लावलेले प्रोसेसर आले. त्याच वर्षी पेंटियम जी६९५१ साठी ५० डॉलरचे कार्ड निघाले. त्यावरचा संकेत भरला की तुम्ही आधीच विकत घेतलेल्या चिपेतला बंद भाग उघडे. टीका इतकी झाली की पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळावी लागली. २०१२ पासून तर ओव्हरक्लॉकिंगने चिप जळाली तर बदलून देण्याचा विमाही इंटेलच विकू लागली. जी कृती निषिद्ध म्हणायची तिचाच हप्ता घ्यायचा, हे पाहिल्यावर 'चोरी' हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळायला हवी.

१७/
एएमडीचे कुलूप तर पेन्सिलीने उघडत असे. २००० च्या सुमाराच्या अॅथलॉन आणि ड्यूरॉन प्रोसेसरांच्या पृष्ठभागावर 'एल१' नावाचे बारीक तुटलेले पूल दिसत. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते. ते पूल पेन्सिलीने जोडले की गुणक मोकळा. शाळकरी दप्तरातल्या वस्तूने लागू पडलेला इतका नेटका उपाय संगणकाच्या इतिहासात मला दुसरा आठवत नाही.

१८/
आणि वेगाची हाव काय फक्त हौशी पोरांना होती? मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला. त्या शर्यतीत इंटेलने ३१ जुलै २००० रोजी पेंटियम थ्री १.१३ गिगाहर्ट्झ जाहीर केला. स्वतंत्र परीक्षकांनी त्यावर लिनक्सचे केर्नेल संकलित करून पाहिले, तर काम तडीस जाईना. महिना उलटण्याच्या आत इंटेलला तो प्रोसेसर परत बोलवावा लागला. कारखान्याने स्वतःचाच माल त्याच्या ताकदीपलीकडे ताणला, त्यावर आकडा छापला आणि विकला. लॅमिंग्टन रोडवर कोणी हेच केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते? वर सांगितलेली कसोटी लावा आणि उत्तर तुम्हीच द्या.

१९/
आता दुसऱ्या मताकडे वळू. 'लॉट पाहून घ्या' म्हणणाऱ्यांचे पुरावाशास्त्र फार कच्चे आहे. त्यांना तीन निराळ्या गोष्टी एकच वाटतात. ग्रंथाच्या भाषेत सांगतो. स्टेपिंग म्हणजे नवी आवृत्ती. मूळ नकाशातच दुरुस्ती झालेली असते. लॉट म्हणजे त्याच आवृत्तीचे पुनर्मुद्रण. जुळणी तीच, फक्त त्या आठवड्याचा कागद-शाई वेगळी. आणि तुमच्या हातातली चिप म्हणजे एक प्रत. आवृत्ती बदलली की मजकूर बदलतो, हे खरे. पुनर्मुद्रणाने छपाई थोडी उजळ किंवा फिकट होऊ शकते, हेही खरे. पण एका फिकट प्रतीवरून संपूर्ण पुनर्मुद्रणाला नावे ठेवणारा अभ्यासक आपण गंभीरपणे घेऊ का?

२०/
आवृत्तीच्या फरकाचे उत्तम उदाहरण २००७ चे. कोअर टू क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर आधी बी३ स्टेपिंगमध्ये आला, उष्णतेची मर्यादा १०५ वॅट. मग जी० आला, ९५ वॅटचा. नाव तेच, छापील वेग तोच, पण जी० थंड राहून अधिक ताणला जाई. झाकणावरचा 'एसएलएसीआर' हा संकेत पाहून घेणे म्हणजे अंधश्रद्धा नव्हती. नोंदलेल्या बदलाचे ते वाचन होते. १९९८ च्या 'एसएल२डब्ल्यू८' संकेताच्या पेंटियम टू ३०० चेही तसेच. आत वरच्या वर्गाचा गाभा, बाहेर ३०० चा शिक्का.

२१/
कोस्टा रिकाची कथा मात्र निखळ चुकीच्या वाचनातून जन्मली. झाकणावरच्या उत्पादन-क्रमांकाचे पहिले अक्षर स्थळ दाखवते, पुढचे वर्ष आणि त्यापुढचे दोन अंक आठवडा. लोकांनी स्थळाचा अर्थ 'इथे चिप घडली' असा घेतला. वस्तुस्थिती अशी की कोस्टा रिका, मलेशियातले पेनांग, फिलिपिन्स इथल्या इंटेलच्या कारखान्यांत सिलिकॉनची चकती घडतच नसे. तिथे कापलेल्या चिपा आवरणात बसवून त्यांची अंतिम तपासणी होई. ज्या चकतीवर चिपेची लायकी ठरली ती आधीच दुसऱ्या देशात भाजून निघालेली असे. म्हणजे ग्रंथाच्या गुणदोषाचे श्रेय लोक बाइंडिंगवाल्याला देत होते! शिलालेख ज्या संग्रहालयात ठेवला आहे त्या गावचाच मानून त्यावर राजवंशाचा इतिहास रचावा, तसा हा प्रकार.

२२/
कोणी म्हणेल, पण लोकांचे अनुभव होते ना? होते, आणि तेच तपासायचे. ज्याची चिप ४५० ला चालली त्याने चारचौघांत सांगितले. ज्याची ३७५ ला अडली तो गप्प बसला. अशा साक्षींतून लॉटचा गुण काढणे म्हणजे फक्त जिंकलेल्यांच्या बखरींवरून युद्धाचा इतिहास लिहिणे. शिवाय 'चालली' याचा अर्थ काय? विंडोजचा पडदा दिसला म्हणजे चालली? प्राइम९५ हा मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधणारा कार्यक्रम या लोकांच्या हाती आला तो याच प्रश्नापायी. तो तासन्तास गणित करायला लावतो आणि आलेले उत्तर आधी ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. एक अंक चुकला तरी चिप नापास. ज्यांनी ही परीक्षा घेऊन आकडे सांगितले त्यांच्या नोंदी आजही वापरण्याजोग्या आहेत. बाकीच्या फुशारक्या.

२३/
हवामान तर सगळेच विसरतात. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात, अठरा अंशांच्या खोलीत मिळालेला आकडा मुंबईच्या मे महिन्यात चौतीस अंशांच्या खोलीत मागायचा, आणि नाही मिळाला की लॉटला दोष द्यायचा. हवेने थंड होणाऱ्या चिपेचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. खोली सोळा अंशांनी तापली तर चिपही साधारण तितकीच तापणार. त्यात व्होल्टेज. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी १.२ व्होल्टचे १.३५ केले, तर उष्णता दीडपटीच्या वर जाते. हा साधा गुणाकार न करता लॉट बदलत बसणाऱ्यांना गणित नको होते, ग्रहमान हवे होते.

२४/
लॉटचा फरक खरोखर जीवघेणा ठरतो तेव्हा मात्र हे सारे थट्टेवारी नेण्यासारखे उरत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या वर्गाचे डेस्कटॉप प्रोसेसर जगभर कोलमडू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप कायमची झिजत होती. सेटिंगला हातही न लावलेल्या लोकांच्या चिपा गेल्या. त्याच सुमारास इंटेलने हेही मान्य केले की तेराव्या पिढीच्या सुरुवातीच्या काही मालात आतल्या जोडमार्गांचे ऑक्सिडीकरण झाले होते. उत्पादनातला तो दोष २०२३ मध्येच दूर केला होता. म्हणजे वाईट लॉट खरोखर होता, निर्मात्याला ठाऊक होता, आणि घेणाऱ्याला कळला तो पुढच्या वर्षी. जुलैतल्या त्या कबुलीसोबत सदोष मालाच्या क्रमांकांची यादीही आली नाही. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून मिळाली हे बरे झाले.

२५/
१९९८ मध्ये बी२१ वर नेलपॉलिश लावणाऱ्या पोराला चिप कशाने मरते ते ठाऊक होते. मारलीच तर जाणूनबुजून मारत होता. २०२४ चा गिऱ्हाईक पूर्ण किंमत मोजून, एकही नियम न मोडता, नकळत ओव्हरक्लॉकिंगचे परिणाम भोगत होता. आज प्रोसेसर स्वतःच स्वतःचा वेग चढवतो-उतरवतो, कारखान्यातूनच कडेवर उभा राहून येतो. हातचा जवळजवळ सगळा निर्मात्याने आधीच खर्चलेला असतो. कस लावणारा सराफ बाजारातून उठला आणि टांकसाळच सराफीही करू लागली. छापील आकड्यावर निमूट विश्वास ठेवा म्हणणाऱ्या पहिल्या मताचा विजय झाला तो असा.

२६/
महासंगणकवाल्यांनीही या प्रकरणाला सामान्य समजू नये. हजारो प्रोसेसर एकत्र काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर एकमेकांसाठी थांबतात, तेव्हा सर्वांत मंद प्रोसेसर सगळ्यांचा वेग ठरवतो. वारीत दिंडीची चाल जशी मागच्या म्हाताऱ्याच्या पावलांनी ठरते. विजेची मर्यादा घातली की एकाच नावाचे, एकाच दिवशी घेतलेले प्रोसेसर वेगवेगळ्या वेगाने धावू लागतात. चकतीच्या मध्याचा आणि कडेचा जुना भेद तिथेही डोके वर काढतोच.

२७/
शेवटी कामाचे. तुमच्या घरी माळ्यावर, गॅलरीतल्या खोक्यात, काकांच्या बंद पडलेल्या पेटीत जुना प्रोसेसर असेल तर भंगारात देण्याआधी त्यावरच्या सगळ्या ओळींचे छायाचित्र घ्या. 'एस' ने सुरू होणारा संकेत आणि खालचा उत्पादन-क्रमांक, दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. आकड्याची जागा घासलेली वाटली तर तिरप्या उजेडात आणखी एक छायाचित्र. खरेदीची पावती सापडली तर दुकानाचे आणि गिऱ्हाइकाचे नाव झाकून तारीख, वस्तू आणि किंमत तेवढी नोंदवा. कोणी ओव्हरक्लॉकिंग केले असेल तर बोर्ड कोणता, व्होल्टेज किती, महिना कोणता, पंखा कसला, किती तास चालवून पाहिले, हे विचारून घ्या. आणि चिप अडली असेल, जळाली असेल, तर ते आधी लिहा. उत्तरे या धाग्याखाली टाका. ४५० ला चाललेल्या ३००ए च्या कथा भरपूर जमल्या आहेत, न चाललेल्या हव्या आहेत.